कोलंबसची मॅच, वेळेच्या जागी 'टीबीए'. परतीचं विमान कधीचं काढू?

पार्लेकर_काका

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा विचित्र आहे पण इथे अमेरिकेत राहून आलेले बरेच जण आहेत म्हणून विचारतोय. लेक ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत मास्टर्स करतेय, कोलंबसला. नोव्हेंबरच्या मध्यावर मी आणि सौ. जातोय आणि लेकीचा हट्ट आहे की बाबा, कॉलेजची फुटबॉल मॅच बघितल्याशिवाय परत जायचं नाही (आपला फुटबॉल नव्हे, तो हेल्मेटवाला). आता तिकिटं मिळतायत, तारीख पक्की आहे, शनिवार आहे, पण वेळच नाही! वेळेच्या जागी टीबीए (म्हणजे 'नंतर जाहीर होईल') लिहिलंय. अहो लाखभर माणूस बसतो त्या स्टेडियममध्ये आणि मॅच दुपारी बाराला की संध्याकाळी साडेसातला हे कोणालाच माहीत नाही? मुहूर्त न छापता पत्रिका वाटल्यासारखं झालं हे.

परतीचं विमान रविवारी सकाळी लवकरचं स्वस्त पडतंय. मॅच रात्रीची निघाली तर स्टेडियममधून थेट एअरपोर्टच गाठावा लागेल, सौ. आत्ताच नाही म्हणतायत. तर हे वेळ नक्की कोण ठरवतं आणि कधी कळते?

आणि जोडप्रश्न. लेक आणि तिच्या मैत्रिणी दुपारी बाराची मॅच लागली की चिडतात. का ते मला कळत नाही. मला तर बाराचीच सोयीची, सप्टेंबर-ऑक्टोबरात तिकडे दुपारचे बारा म्हणजे इकडे रात्रीचे साडेनऊ, जेवणखाण उरकून निवांत बसता येतं, ती व्हिडिओ कॉल लावून फोन टीव्हीसमोर ठेवते. संध्याकाळची असली की आमच्याकडे पहाटेचे पाच वाजतात, मग स्कोअर दूधवाला आल्यावर.

ठाणे_स्लो

काका, मी त्याच पट्ट्यात दोन वर्षं काढलीत (दुसऱ्या युनिव्हर्सिटीत, आमची टीम रडकी होती ते सोडा). आधी कामाचं सांगतो.

शनिवारी साधारण तीन मोठे स्लॉट असतात, दुपारी १२, साडेतीन आणि संध्याकाळी साडेसात-आठ, हे सगळं पूर्वेकडच्या घड्याळाने, कोलंबस त्यातच येतं. चौथा रात्री साडेदहाचा, तो पश्चिम किनाऱ्यावरच्या टीमसाठी. कुठली मॅच कुठल्या स्लॉटमध्ये हे युनिव्हर्सिटी ठरवत नाही, चॅनलवाले ठरवतात, आणि ते साधारण १२ दिवस आधी. सोमवारी याद्या येतात. काही आठवड्यांत त्यांना अजून थांबायची मुभा असते, मग मॅचच्या फक्त ६ दिवस आधी कळतं, कारण आदल्या शनिवारी कोण जिंकतं ते बघूनच त्यांना निवडायचं असतं. सीझनच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांच्या आणि थोड्या खास मॅचच्या वेळा उन्हाळ्यातच जाहीर होतात, बाकी सगळं टीबीए. दक्षिणेकडची एसईसी कॉन्फरन्स (कॉन्फरन्स म्हणजे आपसात खेळणाऱ्या युनिव्हर्सिटींचा गट) २०२४ पासून निदान एवढं तरी करते की जूनमध्येच बऱ्याच मॅचना 'लवकरची', 'दुपारची', 'रात्रीची' असा अंदाज देऊन टाकते, उरलेल्यांना 'नंतर सांगू'. तुमची ओहायो स्टेट बिग टेन नावाच्या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये, तिथे थांबायचं.

एकच मॅच अशी की जिची वेळ डोळे मिटून सांगता येते, मिशिगनविरुद्धची. थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवार, दुपारी बारा, जवळपास दरवर्षी. पण तिची तिकिटं काढायची तर विमानाच्या भाड्याबद्दल बोलूच नका.

आणि एक लक्षात ठेवा, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात. त्यानंतर बाराची मॅच इकडे साडेदहाला. तुम्ही तिकडेच असाल म्हणा, पण ठाण्यापार्ल्यातून कोणी बघणार असेल तर सांगून ठेवा.

स्लॉटवाला

जोडप्रश्नाचं मी सांगतो. मी लोअर परळला मीडिया प्लॅनिंगमध्ये आहे, कुठला ब्रेक कितीला विकायचा यातच आयुष्य चाललंय, त्यामुळे हा विषय दिसला की राहवत नाही.

बारा वाजताची भानगड २०१९ पासूनची. त्याआधी बारा म्हणजे उरलेल्या मॅचचा स्लॉट, भारी मॅच साडेतीनला नाहीतर रात्री. फॉक्स चॅनलने हिशोब उलटा मांडला. रात्री सगळेच चॅनल आपापली मोठी मॅच लावतात, शिवाय ऑक्टोबरात फॉक्सकडे बेसबॉलच्या मोठ्या मॅच असतात, त्यांना शनिवारची रात्र लागते. दुपारी बाराला मैदान मोकळं. मग त्यांनी आपली आठवड्यातली सगळ्यात चांगली मॅच बाराला टाकायला सुरुवात केली, 'बिग नून' नाव दिलं, त्याआधी दोन तासांचा गप्पांचा शो. आणि चाललं ते! २०२३ ची मिशिगन विरुद्ध ओहायो स्टेट दुपारी बाराची होती, सुमारे १ कोटी ९० लाख लोकांनी बघितली. २०२५ मध्ये सीझनच्या पहिल्याच शनिवारी टेक्सास आली होती कोलंबसला, ती पण बाराला, १ कोटी ६० लाखांच्या वर. त्या मॅचला टेक्सासवाल्यांनी विचारलंही होतं की रविवारी रात्री घेऊया का, लाँग वीकेंड आहे, फॉक्सने नाही म्हटलं. पैसे त्यांनी मोजलेत, स्लॉट त्यांचा.

पैसे म्हणजे किती, तर २०२३ पासून बिग टेनचा करार सात वर्षांचा, सात अब्ज डॉलरच्या वर असं छापून आलंय. आणि करारात दिवसाचे वाटे घातलेत सरळ, बारा फॉक्सचे, साडेतीन सीबीएसचे, रात्र एनबीसीची. आता ओहायो स्टेट चांगली टीम, लोक बघतात, मग पहिली निवड ज्याची तो तिलाच उचलणार. म्हणजे टीम जितकी चांगली तितकी ती बाराला अडकणार. तुमच्या लेकीचा राग चुकीचा नाहीये, पण टीम हरायला लागली तरच सुटका, असा मामला आहे.

पोयसरची

@स्लॉटवाला एक शंका. बाराचा स्लॉट चांगला म्हणून तिथे आकडे येतात, की तुम्ही चांगली मॅच तिथे नेऊन टाकता म्हणून आकडे येतात? मिशिगन-ओहायो स्टेट पहाटे चारला ठेवली तरी लोक गजर लावून बघतील. त्यावरून बारा वाजता लोकांना टीव्ही बघायला आवडतो असं कसं म्हणता? २००६ ची हीच मॅच साडेतीनला होती, पहिला नंबर विरुद्ध दुसरा नंबर, ४२-३९, ती २ कोटींच्या वर गेली होती. मग साडेतीन भारी म्हणायचं का?

माझा भाऊ लुइझियानात होता, बॅटन रूजला, त्याच्यामुळे मला हे वेड. तिथे एलएसयूचं (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीचं) स्टेडियम, एक लाख दोन हजार माणूस, आणि रात्रीची मॅच म्हणजे त्या गावाचा सण. लोक सकाळपासून गाड्या लावून पार्किंगमध्ये चुली पेटवतात, मोठमोठ्या पातेल्यांत झिंगे शिजतात, ओळख ना पाळख तुम्हाला हाक मारून ताट देतात. भाऊ शाकाहारी, त्याला पाव आणि भात देऊन बसवायचे. हे सगळं दिवसभर मुरतं आणि मग अंधार पडला की ते एक लाख लोक आत जातात, तो आवाज काय असेल विचार करा. तीच मॅच तिथे सकाळी ११ ला लावली (त्यांचं घड्याळ तासभर मागे, टीव्हीचे बारा म्हणजे त्यांचे अकरा) तर चूल कधी पेटवायची, पहाटे पाचला? त्यात सप्टेंबरातलं ऊन आणि दमटपणा, आपल्या ऑक्टोबर हीटची आठवण यावी असा. ॲल्युमिनियमचे बाक तापलेले असतात. पोरं हाफटाइमला पळतात. अलाबामावाल्यांनी तर २०१९ मध्ये पोरांनी शेवटच्या क्वार्टरपर्यंत बसावं म्हणून फोनमध्ये ॲप दिलं, थांबलात तर पॉइंट, पॉइंटवर पुढची तिकिटं. म्हणजे बघा, आधी वेळ अशी ठेवायची की माणूस पळेल आणि मग त्याला बसवायला ॲप काढायचं.

स्लॉटवाला

@पोयसरची शंका बरोबर आहे आणि आमच्या धंद्यात यावर कोणी खरं बोलत नाही. स्लॉट मोठा होतो तो मॅचमुळेच. सीबीएसने हेच केलं होतं, वर्षानुवर्षं एसईसीची सगळ्यात चांगली मॅच साडेतीनला, लोकांना सवय लागली की शनिवारी साडेतीनला सीबीएस लावायचं, २०२३ पर्यंत चाललं ते. फॉक्सने तीच सवय बाराला लावली. फरक एवढाच की बाराला समोर दुसरं ताट नसतं. रात्री एका वेळी तीन-चार चांगल्या मॅच असतात, रिमोट फिरत राहतो. जाहिरातवाल्याला रिमोट फिरलेला नको असतो.

आणि अमेरिका एकाच घड्याळावर चालत नाही हे पण धरा. पूर्व आणि मध्य असे दोन पट्टे मिळून तीन चतुर्थांशाहून जास्त लोक. त्यामुळे सगळं त्यांच्या सोयीने. कॅलिफोर्नियात बाराची मॅच सकाळी नऊला दिसते, तिथला माणूस चहा पीत बघतो, चालतं त्याला. उलटं मात्र चालत नाही. कॅलिफोर्नियातली मॅच तिथे संध्याकाळी साडेसातला लावली की पूर्वेकडे रात्रीचे साडेदहा, संपेपर्यंत दोन. कोण जागतो? २०१५ ला स्टॅनफर्डचा मॅकॅफ्री नावाचा पोरगा होता, एका सीझनमधल्या एकूण यार्डांचा (चेंडू घेऊन कापलेल्या अंतराचा) बॅरी सँडर्सचा जुना विक्रम मोडला त्याने, तरी वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस अलाबामाच्या हेन्रीला गेलं. तेव्हा बरेच लोक म्हणत होते की मत देणारे अर्धे लोक स्टॅनफर्डच्या मॅचच्या वेळी झोपलेले असतात. हेन्री पण तोडीचाच होता, वाद घालायचा तर घाला, पण न दिसलेल्या माणसाला मत कोण देणार.

पार्लेकर_काका

माहितीबद्दल आभारी आहे सगळ्यांचा, बरंच कळलं. पण एक खटकतंय. स्टेडियममध्ये लाख लोक बसतात म्हणजे वानखेडे तीनदा भरलं. ओहायो स्टेटचं १,०२,७८० असं लेकीने सांगितलं. एवढी माणसं पैसे देऊन येतात, लांबून येतात, आणि त्यांना कोणी विचारतच नाही? आपल्याकडे निदान आयपीएलची वेळ ठरलेली असते, साडेसात म्हणजे साडेसात. चर्चगेटवरून शेवटची बोरिवली सुटायच्या आत माणूस बाहेर पडतो.

गिरगाव_तिसरी_गल्ली

काका, आपल्याकडे विचारतात असं वाटतंय का तुम्हाला? आयपीएल आधी आठला सुरू व्हायची, संपायला बारा, मग वानखेडेतून चर्चगेटपर्यंत ती झुंबड. २०१८ च्या आधी ब्रॉडकास्टरने सांगितलं सात करा, चारची मॅच साडेपाचला करा, आणि कौन्सिलने मान डोलावली पण होती, मग टीमवाले कुरकुरले, मुंबईत ऑफिस सुटून सातला स्टेडियममध्ये पोचणार कोण, तेव्हा बारगळलं. पुढे दुबईला गेल्यावर साडेसात झालं आणि परत आल्यावर तसंच राहिलं. पब्लिकला काय पाहिजे हे कोणी विचारलं नव्हतं, पब्लिकचं आपोआप बरं झालं एवढंच.

आणि २०२४ चा टी-२० वर्ल्ड कप आठवा. न्यूयॉर्कला भारत-पाकिस्तान, ९ जून, मॅच सुरू किती वाजता? तिथल्या सकाळी साडेदहाला. का? कारण इकडे रात्रीचे आठ वाजतात आणि आपण सगळे सोफ्यावर. बार्बाडोसची फायनल पण तिथल्या सकाळी साडेदहाला, तिथल्या लोकांचा शनिवार सकाळी सकाळी कामाला लावला आपल्यासाठी. तेव्हा इथल्या कोणाला त्या बिचाऱ्यांची दया आली नाही, आता तुमच्या लेकीला बाराला उन्हात बसावं लागतं म्हणून आपण हळहळतोय. जिकडे जास्त डोळे तिकडचं घड्याळ. स्टेडियममधला माणूस हा मागचा पडदा आहे, भरलेला दिसला की झालं.

कॉलेजच्या पोरांच्या खेळावर सात अब्ज डॉलर, हे मात्र माझ्या डोक्यावरून गेलं. आमच्या कॉलेजात मॅच असायची ती क्रॉस मैदानावर, बघायला दोन मित्र आणि एक भेळवाला.

ठाणे_स्लो

@गिरगाव ते सात अब्जाचं मूळ १९८४ मध्ये आहे. त्याआधी कॉलेज फुटबॉल टीव्हीवर किती दाखवायचं, कोणाचं किती वेळा दाखवायचं हे एनसीएए नावाची मध्यवर्ती संस्था ठरवायची, आणि कारण काय द्यायचे तर टीव्हीवर दिसलं तर लोक स्टेडियममध्ये येणार नाहीत! ओक्लाहोमा आणि जॉर्जिया युनिव्हर्सिटी कोर्टात गेल्या, सुप्रीम कोर्टाने ७-२ ने एनसीएएचा ताबा काढून घेतला. मग ज्याने त्याने आपापलं विकायला सुरुवात केली, आधी मॅच विकल्या, मग वेळ पण विकली गेली. गंमत म्हणजे लोक यायचे थांबले नाहीत, स्टेडियमं अजून मोठी झाली. त्यामुळे तुमचं पडद्याचं म्हणणं अर्धंच पटतं मला. पडदा स्वतः खर्च करून लाखाच्या संख्येने येत नाही.

आणि ओरडा केला की थोडंफार होतं. २०२४ ला पेन स्टेट-ओहायो स्टेट ही पेन स्टेटच्या घरची सगळ्यात मोठी मॅच दुपारी बाराला लावली. पेन स्टेटच्या लोकांची 'व्हाइट आउट' म्हणून प्रथा आहे, आख्खं स्टेडियम पांढऱ्या कपड्यांत, रात्री, लाइटखाली. ती मग पुढच्या शनिवारी वॉशिंग्टनच्या मॅचला करावी लागली, लोकांनी फॉक्सच्या नावाने खडे फोडले. आणि ओहायोमध्ये तर २०२५ मध्ये एका आमदाराने विधेयकच आणलं, क्रमवारीत पहिल्या दहातल्या टीमची ओहायो स्टेटच्या घरची मॅच दुपारी साडेतीनच्या आत सुरू केलीत तर एक कोटी डॉलर दंड, मिशिगनची मॅच सोडून! म्हणजे बाराला विरोध आहे पण मिशिगनची बाराची मॅच ही परंपरा, तिला हात लावायचा नाही. आमदार इकडचा असो तिकडचा असो, कशावर बोललं की टाळ्या मिळतात हे त्यांना बरोबर कळतं.

बाराला विरोध नुसता पार्टीसाठी नाही हे पण सांगतो. क्लीव्हलंडहून कोलंबस सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, सिनसिनाटीहून पावणेदोनशे, बारा म्हटलं तर पोरंबाळं घेऊन अंधारात निघावं लागतं. आणि कोचचं दुखणं वेगळंच आहे. शाळेच्या टीमच्या मॅच तिकडे शुक्रवारी रात्री असतात. ज्या शाळेच्या पोरांना पुढच्या वर्षी आपल्याकडे ओढायचंय त्यांना शनिवारी घरची मॅच दाखवायला बोलवायचं असतं, आता शुक्रवारी रात्री टेक्सासात खेळलेला पोरगा शनिवारी दुपारी बाराला कोलंबसला पोचणार कसा. रात्रीची मॅच असली की आरामात येतो, शिवाय रात्रीचं वातावरण बघून गार होतो.

पोयसरची

हे पोरांचं मला माहीत नव्हतं, भारी मुद्दा आहे.

पण रात्रीचं पण सगळं गोडगोड नाही हां. दिवसभर पार्किंगमध्ये पीत बसलेली माणसं रात्री अकरा-साडेअकराला एकदम रस्त्यावर येतात, त्यातले किती गाडी चालवायच्या लायकीचे असतात. भाऊ म्हणायचा रात्रीची मॅच जिंकली तर गाव दोनपर्यंत झोपत नाही आणि हरली तरी नाही. लहान मुलं घेऊन येणाऱ्यांना साडेतीनच बरी. म्हणजे स्टेडियमवाल्यांना साडेतीन, पोरांना रात्र, फॉक्सला बारा, काकांना पण बारा. काका आणि फॉक्स एका बाजूला 😄

आणि पश्चिमेकडच्या टीमचं काय ते सांगा ना कोणीतरी. २०२४ पासून यूएससी, यूसीएलए, ओरेगन, वॉशिंग्टन पण बिग टेनमध्ये आलेत. त्यांना पूर्वेला येऊन बाराची मॅच खेळायची म्हणजे शरीराच्या घड्याळाने सकाळचे नऊ, म्हणजे पहाटे पाच-सहाला उठून नाश्ता. आधी ते रात्री साडेदहाच्या स्लॉटला वैतागले होते. २०१७ मध्ये वॉशिंग्टनचे कोच पीटरसन जाहीरपणे बोलले की उशिराच्या मॅचमुळे देशाला आम्ही दिसतच नाही, फॅन्सची माफी मागितली त्यांनी, तर उलट टीव्हीवाल्यांनीच त्यांना सुनावलं की दाखवतोय त्याचे उपकार माना. त्यांची ती जुनी कॉन्फरन्स, पॅक-१२, २०२३ मध्ये फुटली, बारापैकी दहा टीम निघून गेल्या. उशिराच्या वेळेमुळेच फुटली असं नाही, टीव्हीचा पैसा कमी पडला हे खरं कारण, पण पैसा कमी का पडला यात झोपलेली पूर्व आहेच की.

गिरगाव_तिसरी_गल्ली

मुंबई सिटीची (आपल्या फुटबॉलची टीम) अंधेरीतली मॅच आठवली. साडेसातची असते, बरी असते. मध्ये २०२१-२२ ला आयएसएलने (आपली फुटबॉल लीग) शनिवारची दुसरी मॅच रात्री साडेनऊला ठेवली होती, तेव्हा सगळं गोव्यात बंद दाराआड चालू होतं म्हणून खपलं. मी घरी बघायचो आणि हाफटाइमला झोपायचो. खऱ्या प्रेक्षकांसमोर ठेवून दाखवा म्हणावं साडेनऊला.

स्लॉटवाला

@गिरगाव साडेनऊला प्रेक्षक येतील, पण आठ ते साडेनऊ ज्या घरात मालिका चालू असते तिथला रिमोट हातात येतो की नाही हा त्यामागचा विचार असणार, असं मला वाटतं. आपल्याकडे आठ ते दहा रिमोट कोणाकडे असतो ते सांगायला नको. आयपीएल ही एकच गोष्ट जिला घरात रिमोट मिळतो.

तिकडे ती अडचण नाही, शनिवारी दिवसभर घरातला टीव्ही खेळाचाच असतो आणि शिवाय २०२० पासून टीव्हीचे प्रेक्षक मोजणारे नील्सनवाले बाहेर, बारमध्ये वगैरे बघणाऱ्यांना पण मोजतात. बारमध्ये शनिवारी दुपारी बारापासून गर्दी, ती आकड्यात दिसायला लागली. हे बाराच्या स्लॉटच्या पथ्यावरच पडलं.

पार्लेकर_काका

लेकीशी बोललो काल. ती म्हणते बाबा, सप्टेंबरात रात्रीचीच पाहिजे पण नोव्हेंबरात रात्रीची लागली तर मी येणार नाही, थंडीने मरायला होतं. हे कसं काय? मग नोव्हेंबरात रात्रीची शक्यता कितपत?

ठाणे_स्लो

लेक बरोबर बोलतेय. नोव्हेंबरच्या मध्याला तिकडे सव्वापाचला सूर्य मावळतो आणि मग जो गारठा सुटतो तो माथेरानचा नाही काका, शून्याच्या आसपास, त्यात वारा, आणि बसायला उघडे बाक, साडेतीन तास. अडीच मिनिटं खेळ की जाहिरातीचा ब्रेक, त्या ब्रेकमध्ये खेळाडू पण उड्या मारत उभे असतात. बिग टेनच्या मोठ्या युनिव्हर्सिटी पूर्वीपासून नोव्हेंबरातल्या रात्रीच्या मॅचना नाखूष असायच्या. २०२३ मध्ये एनबीसीचा रात्रीचा करार झाल्यावर ओहायो स्टेट, मिशिगन, पेन स्टेट यांनी नोव्हेंबरात रात्री खेळायला खळखळ केली आणि त्यावरून बरीच ओढाताण झाली होती. तरी पेन स्टेटची ती व्हाइट आउट ९ नोव्हेंबरला रात्री झालीच. म्हणजे अगदी नाहीच असं समजू नका. पण ओहायो स्टेट फॉर्मात असेल तर बारा नाहीतर साडेतीन, मी यावर पैज लावेन.

साडेतीनची निघाली तर सातच्या सुमारास संपेल, बाहेर पडून गाडीपर्यंत पोचायला तासभर. रात्रीची निघाली तर अकरा, आणि घरी साडेबारा. रविवारी सकाळचं विमान अजिबात काढू नका. रविवारी संध्याकाळचं किंवा सोमवारचं बघा. भाड्यातला फरक काय असेल तो असेल, सौ. काकूंचं ऐका. आणि कोलंबसहून मुंबईला थेट विमान नाही, मधे बदलावं लागतं, पहिलं चुकलं की पुढचं गेलं.

पार्लेकर_काका

सोमवारचं बघितलं, फार फरक नाही. काढतो. बाराची निघाली तर किती आधी जायचं?

ठाणे_स्लो

बाराची असली तर नऊलाच निघा, आणि शक्य असेल तर आधी बँडची तालीम बघा. स्टेडियमच्या जवळच जुन्या सेंट जॉन अरीनामध्ये असते, मॅचच्या साधारण दोन तास आधी, त्याला स्कल सेशन म्हणतात. मॅचमध्ये नियम कळले नाहीत तरी चालेल, पण बँड मैदानावर चालत चालत 'ओहायो' अक्षरं काढतो आणि शेवटी एक जण 'आय'वर टिंब द्यायला जातो ते चुकवू नका, लोक त्यासाठी उभे राहतात.

पर्स, सॅक काही चालत नाही, पारदर्शक पिशवी लागते, लेकीकडे असेल. काकूंना दोन मोजे एकावर एक घालायला सांगा आणि बाकावर टाकायला काहीतरी जाड न्या, जुनी सतरंजी असली तरी चालेल.

पोयसरची

आणि काका, वेळ जाहीर झाली की इथे टाका. सोमवारी, बारा दिवस आधी. स्लॉटवाल्यांची आणि ठाण्याची पैज लावून ठेवतो आम्ही. मी साडेतीनवर.